बदलापूरच्या घराबद्दल

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

परवा "आई, पुरे आता" म्हणून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. भांडायला नाही.

घर छानच आहे. स्वयंपाकघराला खिडकी, मागे डोंगर. आणि तुझ्या एकटीच्या पगारावर कर्ज मंजूर झालं, हे बाबा सगळ्या सोसायटीला सांगून आले. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, हे तू समजावत होतीस तेव्हा मला नानांची आठवण आली. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव कधी लागलं नाही.

पण तू ते घर रविवारी दुपारी पाहिलंस. सोमवारी सकाळी बदलापूरचा फलाट बघ. कुर्ल्यापर्यंत सव्वा तास, पुढे बीकेसीतल्या तुझ्या ऑफिसला शेअर रिक्षाची रांग, घर ते स्टेशन वेगळंच. जाऊन येऊन चार तास. हप्ता आणि भाडं सारखंच, हे तुझं गणित बरोबर आहे गं, पण त्यात हे चार तास कुठे धरलेस? ओम झोपल्यावर घरी पोचशील.

कल्याणच्या पुढे अजून दोनच मार्गिका आहेत. पुण्याच्या मेल-एक्स्प्रेसही त्यावरूनच जातात. एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या लोकल अडकतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चाललंय, पण तुला रोज आत्ता जायचंय. आणि पाऊस! २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली, होड्या आणून माणसं काढली. आठवतंय ना?

उपदेश झाला. रागावू नकोस.

मीही डोंबिवली-फोर्ट केलं, मान्य. कुमुदताई कल्याणहून रुमाल टाकून माझी जागा धरायची. भाजी निवडून व्हायची, चैत्रात डब्यातच हळदीकुंकू, दसऱ्याला गाडीची पूजा. तुझी दहावीची सराव उत्तरपत्रिका मी घाटकोपर ते ठाणे उभ्यानेच वाचली होती, समासात तुझं ते तिरकं अक्षर. त्या बायका आजही माझ्या आहेत. पण तेव्हा दिवा स्टेशनला दारात इतकी माणसं लटकत नव्हती.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडली, तेव्हा तू चुनाभट्टीत घरीच आहेस हे माहीत असूनही मी तुला फोन करत राहिले. बदलापूरला राहायला गेलीस की रोज सकाळी तेच होईल माझं.

घर घे. पण भाड्याने दे, आणि ओमची शाळा रुळेपर्यंत चुनाभट्टीतच राहा. तिकडे भाडं कमी येईल, वरचा फरक आम्ही भरू. बाबांशी बोलून झालंय. सागररावांना संकोच वाटेल, त्यांना मी सांगेन.

टोकन आठवडाभर पुढे ढकल. येत्या रविवारी सुमाआत्याकडे अंबरनाथला मुक्काम कर आणि सोमवारी तिथून ऑफिस गाठ, संध्याकाळी परत तिच्याकडेच जा. मग ठरव. ओमजवळ मी येऊन राहते. फक्त दारात उभी राहू नकोस. आत शिरता येत नसेल तर ती गाडी सोड, उशीर झाला तर होऊ दे.

तुझी,
आई