मूल होत नाही? आधी नवऱ्याचे काम विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या उपचारखर्चावर हल्ली वर्तमानपत्रांत बरेच लिहून येते. खर्चाची ती रड खरीच आहे. पण या मजकुरात एक गोष्ट येत नाही, आणि परळ भागातल्या एका प्रयोगशाळेत वीर्यतपासणीच्या टेबलाशी नोकरीचा बहुतेक काळ गेल्यामुळे ती मला लिहावीशी वाटते. नवरा पोटासाठी काय काम करतो, हे त्या जोडप्याला कोणी विचारत नाही. काही कामांतले शिसे पुरुषाचे शुक्राणू बिघडवते, म्हणून ते विचारायला हवे.

आमच्या अर्जावर व्यवसायाचा रकाना होता. त्यात ‘नोकरी’ किंवा ‘धंदा’ एवढे लिहून लोक मोकळे होत. नमुना द्यायला येणाऱ्यांत बॅटऱ्या फोडून आतल्या प्लेटा काढणारे भंगारवाले असत, दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागात रंगवलेले पत्रे गॅस कटरने कापणारे असत, लॅमिंग्टन रोडच्या माळ्यांवर दिवसभर सोल्डरिंग (तारा डाक लावून जोडणे) करणारी पोरे असत, जुन्या चाळींच्या भिंती पॉलिश पेपरने घासणारे रंगारी असत. हे कळायचे ते नमुन्याची वेळ विचारताना सहज निघालेल्या गप्पांतून. शुक्राणूंची संख्या कमी, हालचाल मंद, असा अहवाल मी हातात द्यायची. तोवर बायकोची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, उपासतापास आणि सासरची बोलणी, सगळे होऊन गेलेले असे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरी सुरुवात बाईपासूनच होते, याचा मला आजही राग येतो.

वरच्या सगळ्या कामांत हाताला आणि श्वासाला लागते ते शिसे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा चार पंचमांशांहून मोठा वाटा बॅटऱ्यांत जातो. रिक्षा, टॅक्सी, घरचा इन्व्हर्टर या सगळ्यांची बॅटरी शेवटी कोणीतरी फोडतोच. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे गल्लीतल्या भट्टीवरही ते सहज पातळ होते. पण त्या भट्टीच्या तापमानावर कोणाचा ताबा नसतो, आणि ती जास्त तापली की धूर थेट फुप्फुसात जातो. तिथून धुरातले शिसे रक्तात जवळजवळ पुरेपूर उतरते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडांतले मात्र वीस-पंचवीस वर्षे मुक्काम करते आणि थोडे थोडे परत रक्तात सुटत राहते.

पुरुषाच्या शरीरात त्याचा मार अनेक ठिकाणी बसतो. वृषणांना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकांची साखळी बिघडते. शुक्राणूच्या आवरणात नाजूक स्निग्ध पदार्थ भरपूर असतात, ते ऑक्सिडीकरणाने खराब होतात आणि शुक्राणूची पोहण्याची ताकद जाते. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए घट्ट बांधलेला राहण्यासाठी जस्त लागते. त्या जागी शिसे जाऊन बसले की बांधणी सैल पडते. म्हणजे संख्या ठीक दिसली तरी आतला माल शाबूत असेलच असे नाही. साध्या वीर्यतपासणीत हे दिसतही नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून निश्चिंत झालेल्या माणसांची मला जास्त काळजी वाटते.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. शिशात काम करणाऱ्या पुरुषांच्या बायकांचे गर्भपात जास्त होतात, असे कॉन्स्टाँटाँ पॉल या फ्रेंच डॉक्टरने १८६० साली नोंदवले. रोमेनियातल्या बॅटरी कारखान्यातील कामगारांच्या वीर्यातले दोष १९७५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासला. दर डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात १५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्या पुरुषांत शुक्राणूंवर दुष्परिणाम होतो, याला पुरेसा पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आता त्याच देशाच्या १९७८ च्या कामगार नियमाकडे पाहा. त्यात माणसाला शिशाच्या कामावरून हलवण्याची पातळी ५० ते ६० मायक्रोग्रॅम आहे. नियम पाळणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचेही बाप होणे अवघड होऊ शकते, असा याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची सुरक्षित पातळीच नाही असे म्हणते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा अगदी पहिल्या क्रमांकावर ठेवली. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ही पावले मोठी आहेत. पण औद्योगिक रंग त्या नियमात नाहीत, जुन्या इमारतींवरचे रंगाचे थर अजून तसेच आहेत, आणि तीन-चार माणसांच्या गाळ्याला कारखाना म्हणतच नाहीत. ज्याला सर्वात जास्त धूळ खावी लागते, त्याच्यापर्यंत कायदा पोचत नाही.

मग करायचे काय? खरा बचाव कामाच्या जागीच आहे. धूर बाहेर ओढणारा पंखा हवा. भिंत कोरडी न घासता ओली करून घासावी. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला बांधलेला रुमाल शिशाचा धूर अडवत नाही, त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क लागतो. हात साबणाने धुतल्याशिवाय वडापाव, चहा, तंबाखू, विडी काही नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, कारण ती धूळ रांगणाऱ्या मुलापर्यंत जाते आणि मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते.

खाण्याबद्दल लोक फार आशेने विचारतात. गूळ खाल्ला की धूळ उतरते, हा समज मुंबईच्या कामगारांत पक्का आहे. गुळाने शिसे जात नाही. उपाशीपोटी मात्र ते जास्त शोषले जाते, म्हणून सकाळी भाकरी-भाजी खाऊनच कामाला जावे. लोह आणि कॅल्शियम कमी पडले तरी शोषण वाढते, तेव्हा नाचणी, पालेभाज्या, डाळी, दूध यांचा उपयोग आहे. क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त, सेलेनियम यांनी शुक्राणूंचे रक्षण होते असे बरेच प्रयोग सांगतात, पण त्यांतले बहुतेक उंदरांवरचे आहेत. गोळी घेऊन त्याच भट्टीपुढे बसणे हा उपाय होऊ शकत नाही. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे आहेत, ती पातळी फार वाढल्यावर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि संपर्क चालू ठेवून घेणे धोक्याचे.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. मूल होत नाही म्हणून हे पुरुष कोणाच्या तरी सांगण्यावरून भस्मे खातात. नागभस्म हे शिशाचे भस्म आहे. धातुपुष्टीसाठी दिले जाणारे त्रिवंगभस्म कथील, जस्त आणि शिसे या तिघांचे. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते. आयुर्वेदाविषयी मला आदर आहे. पण ज्याच्या रक्तात आधीच शिसे आहे त्याने आणखी शिसे पोटात घ्यावे, हे कोणताही जाणता वैद्य सांगणार नाही. ही भस्मे चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आशेला जागा आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून संपर्क तोडून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, सुधारणा दिसू शकते. हाडांत बराच साठा असेल तर जास्त वेळ लागेल, एवढीच तयारी ठेवावी.

या विषयाचे जाणकार आपल्याच शहरात आहेत. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था परळला, कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी केंद्रीय श्रम संस्था सायनला. मध्ये दोनच स्टेशने. दोघींनी पालिकेबरोबर बसून एक छोटा फॉर्म तयार करावा, आणि वंध्यत्वाच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात तो नवऱ्याकडून भरून घ्यावा: बॅटरी, भंगार, भट्टी, रंग, सोल्डरिंग यांपैकी काही करता का, किती वर्षे, भस्म घेता का. ‘हो’ आले की बायकोच्या पुढच्या तपासण्यांआधी नवऱ्याच्या रक्तातले शिसे मोजावे.

आपल्या आरोग्य प्रतिनिधीने पालिकेला एवढे विचारावे, ही विनंती: रक्तातले शिसे मोजण्याची सोय पालिकेच्या कोणत्या रुग्णालयांत आहे, तिचा दर किती, आणि ‘आपला दवाखाना’त नमुना घेऊन तो तिथे पाठवता येईल का? मिळेल ते उत्तर कृपया छापावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
परळ, मुंबई