रिव्हर्स डीएनएस नीट लावून देणाऱ्या अभियंत्यास

सप्रेम नमस्कार,

आमच्या सबडोमेनच्या मेल सर्व्हरचा पीटीआर (डीएनएस, म्हणजे नावं आणि आयपी पत्ते जुळवणाऱ्या यंत्रणेतली, पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) अखेर बाहेरून बरोबर दिसतोय आणि मेल परत येणं थांबलंय. तुमचे मनापासून आभार.

तुमच्या आधी हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांचं एकच पालुपद: ‘सबडोमेन तुमच्याकडे डेलिगेट केलंय (सोपवलंय), पीटीआर तिथेच टाका, प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोचायला) वेळ लागतो.’ तिथे टाकलेला पीटीआर विचारायला कुणी येतच नाही! उलटा शोध पत्त्यावरून चालतो आणि त्या शोधाचा झोन (डीएनएसचा एकाच्या हाती असलेला भाग) आयपी ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचा गट, ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे असतो. वाट बघून हे कसं सुटणार होतं? तुम्ही पहिल्याच उत्तरात हे सांगितलंत.

आमचा ब्लॉक /२६ चा, म्हणजे ६४ पत्त्यांचा. इन-अ‍ॅडर.आर्पामध्ये (उलट्या शोधाच्या नावांच्या झाडात) डेलिगेशन ठिपक्यावरच, म्हणजे पत्त्याच्या आकड्यांच्या मधेच, तुटतं, त्यामुळे /२४ पेक्षा (२५६ पत्त्यांपेक्षा) लहान तुकड्याला आरएफसी २३१७ (इंटरनेटच्या रीती सांगणारा एक दस्तऐवज) ची रीत लागते: वरच्या झोनमध्ये ‘६४-१२७’ या नावाला आमचे एनएस (नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर, दाखवणाऱ्या नोंदी) आणि प्रत्येक पत्त्याला त्या नावाखाली सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद). आम्ही मागितले होते मोजकेच, तुम्ही ६४ च्या ६४ घातलेत. आरएफसीच्या उदाहरणात अशा नावात डॅशऐवजी तिरकी रेघ आहे. ती झोन फाइलच्या नावात आली की डिरेक्टरी समजली जाते, म्हणून तुम्ही डॅश सुचवलात.

पण सर्वांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. सीनेम घालण्याआधी तुम्ही आमच्या दोन्ही नेमसर्व्हरना, रिकर्शन (दुसऱ्या सर्व्हरना विचारून उत्तर आणणं) बंद ठेवून, एकेक करून विचारलंत आणि उत्तरात ‘एए’ फ्लॅग (उत्तर अधिकृत असल्याची खूण) आहे का ते पाहिलंत. दुसऱ्यावर तो नव्हता. झोन ट्रान्सफर (झोनची प्रत तिथे पोचणं) व्हायची होती. तुम्ही थांबलात. तेव्हाच सीनेम गेले असते तर त्या सर्व्हरकडे गेलेली प्रत्येक चौकशी फुकट गेली असती आणि बिघाड कधी दिसला, कधी नाही, असं झालं असतं. असला दोष शोधताना भलीभली माणसं थकतात. ही तपासणी तुमच्याकडे कुणी मागितली नव्हती.

पीटीआरच्या नमुन्याच्या ओळीत नावाच्या शेवटचा ठिपकाही तुम्ही ठळक केला होता. तो सुटला तर नावामागे झोनचं अख्खं नाव चिकटतं, ते नाव पुढून शोधून पत्ता मिळत नाही, आणि मेल सर्व्हर नेमकं तेच जुळवून बघतात.

तिकीट बंद करण्याआधी समोरच्याचं काम खरंच झालं का, हे बघणारी माणसं या क्षेत्रात आहेत, याचा फार आधार वाटतो. उरलेल्या पत्त्यांचे पीटीआर आता आम्ही आमच्याच झोनमध्ये भरतोय, तुम्हाला पुन्हा त्रास न देता.

कळावे, लोभ असावा.