‘समजलं ना?’ विचारून भागत नाही

माननीय संपादक,

सरकारी इस्पितळांविषयी आपल्या दैनिकात येणारी पत्रे बहुधा खाटा, रांगा आणि बंद पडलेल्या यंत्रांबद्दल असतात. त्या तक्रारी रास्तच आहेत. पण गोव्यातल्या डिचोलीत फार्मसीच्या काउंटरमागून मला रोज दिसते ते निराळेच: डॉक्टर चांगले, औषध बरोबर, आणि तरीही ते घ्यायचे कसे याचा रुग्णाला पत्ता नाही.

सत्तरी तालुक्यातून आलेली एखादी आजी पिशवीतून कागद काढते नि म्हणते, “दोतोरान कितें सांगलां तें म्हाका कळूंक ना, तूंच सांग.” तपासणीच्या खोलीत मात्र तिने ‘व्हय, व्हय’ म्हणत मान डोलावलेली असते. डॉक्टरांच्या तोंडावर ‘नाही समजलं’ म्हणायला आपल्या लोकांची जीभ रेटत नाही. त्यातून बाहेर रांग खोळंबलेली, आणि समोरचा तरुण निवासी डॉक्टर परराज्यातला, हिंदीतून बोलणारा. त्याचाही काही दोष नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गोव्याबरोबर सिंधुदुर्गातलेही रुग्ण असतात. तिथे एकेकाला किती वेळ देणार?

मागे एक मुलगी आईसाठी संधिवाताची मेथोट्रेक्सेट न्यायला आली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. इस्पितळातून मिळालेल्या चार गोळ्या महिनाभर पुरायला हव्या होत्या. आठवडा सरायच्या आतच त्या संपल्या होत्या. आई रोज एक घेत होती. चिठ्ठीवर इंग्रजीत सगळे व्यवस्थित लिहिलेले होते, हे आवर्जून सांगतो. हे औषध असे रोज पोटात गेले तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, प्रसंगी जीवावर बेतते. आईला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. वेळेत कळले म्हणून निभावले.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा गोंधळ तर नेहमीचाच. इस्पितळातून फुकट मिळालेल्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव असते, घरात आधीच कंपनीच्या नावाची पट्टी पडलेली असते. रंग वेगळा, नाव वेगळे. म्हणून दोन्ही घेतात आणि मग चक्कर येते म्हणून परत येतात.

नियमांची वानवा नाही. औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, हा नियम 2016 पासून आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती देण्याचा हक्क नमूद आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद कसा साधावा हेही शिकवले जाते. वेळेची सबब खरी असली, तरी पुरती खरी नाही. अमेरिकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच रुग्णाचे बोलणे तोडताना आढळले. ज्यांना पुरते बोलू दिले, त्यांच्यापैकी कोणीही अडीच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतला नाही.

माझी मागणी साधी आहे. ‘समजलं ना?’ हा प्रश्न बंद करावा, कारण त्याचे उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी “आजी, घरी गेल्यावर ही गोळी कधी, किती घेणार, ते मला सांगा पाहू,” असे विचारून तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. चुकली तर पुन्हा सांगावे. हे डॉक्टरांनीच करायला हवे असे नाही. आपल्या सिस्टर कोकणी-मराठी बोलतात, रुग्ण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतातही. फार्मासिस्टही आहेतच, मात्र काचेच्या त्या वीतभर भोकातून वाकून कोण काय विचारणार? जिल्हा इस्पितळांत आणि आरोग्य केंद्रांत औषधांच्या खिडकीशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या टाकाव्यात. पाकिटावर देवनागरीत, आणि जे रोमी (रोमन लिपीतली) कोकणीच वाचतात त्यांच्यासाठी रोमीत, वेळ लिहून द्यावी. वाचताच येत नसेल तर सूर्य-चंद्र काढावेत, आम्ही काढतो.

सगळ्यांसाठी एकदम जमणार नाही, हे मान्य. सुरुवात इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि दम्याचा पंप नव्याने सुरू झालेल्यांपासून करावी. पंप तर समोर ओढून दाखवायलाच लावावा. कित्येक जण तो जिभेवर मारतात आणि औषधाला गुण नाही म्हणून सोडून देतात.

आपला,
एक फार्मासिस्ट, डिचोली