झोपेबद्दल नसलेलं पत्र

प्रिय रेवा,

रविवारी तू फोन आपटलास त्यानंतर आई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तुझी स्मरणशक्तीची स्पर्धा संपेपर्यंत तुला फोन करायचा नाही, असा हुकूम निघालाय. पत्राबद्दल तिने काही म्हटलेलं नाही, म्हणून लिहितोय. झोपेचा विषय काढणार नाही, शपथ.

'पाठांतराचा उपयोग काय?' असं मी फोनवर विचारलं, ते तुला लागलं, ठाऊक आहे. खरं तर मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. रात्री दोनला तू ऑनलाइन दिसतेस आणि सकाळी सहाला पुन्हा दिसतेस, मग मधे काय करतेस? पण तो विषय बंद.

उपयोगाचं मला काय सांगतेस, तू तिसरीत असताना काकाची जिरवलीस तेव्हा मी समोर होतो. 'दोन आकडी संख्या मनात धर, तिचा घन सांग, मी संख्या सांगते.' काकाने कॅल्क्युलेटर काढला, तीनदा गुणलं आणि म्हणाला, तीन लाख सातशे त्रेसष्ट. तू म्हणालीस, सदुसष्ट. काकाने पुन्हा गुणून पाहिलं! शेवटी ३, म्हणजे घनमुळाच्या शेवटी ७. मागचे तीन अंक सोडले की उरतात ३००, ते ६ चा घन २१६ आणि ७ चा घन ३४३ यांच्या मधले, म्हणून पुढे ६. एवढंच असतं त्यात. पण काकाला ते सांगायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, पोरगी नुसती हुशार नाही, चांगली लबाड आहे. माझी मजल मात्र पंच्याऐंशीच्या वर्गापर्यंतच: आठ नवे बहात्तर, पुढे पंचवीस, ७२२५. त्यावर मी चाळीस वर्षं ऑफिसात भाव खाल्ला.

परवा जुन्या वहीत शकुंतला देवींचा तो गुणाकार सापडला. १८ जून १९८०, लंडनचं इम्पीरियल कॉलेज. तिथल्या संगणक विभागाने दिलेल्या दोन तेरा अंकी संख्या, ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९, आणि २८ सेकंदांत सव्वीस अंकी उत्तर. गुणाकार करून बघायची माझी हिंमत नाही, पण नवाचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायचं आणि उत्तराशी जुळतंय का बघायचं. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, म्हणजे ६. दुसरीची ७४, म्हणजे २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. मग उत्तर लिहिलं, १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०, आणि बोट ठेवून बेरीज केली: १३८, बारा, तीन! आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान.

ताळ्याची एक खोड मात्र तुला माहीत आहे. दोन अंक एकमेकांच्या जागी गेले तरी तो जुळतोच. तू फोनवर 'मी मस्त आहे' म्हणतेस ना, ते मला तसंच वाटतं. बेरीज बरोबर येते, पण आत काहीतरी इकडचं तिकडे झालेलं असतं. मागच्या वेळी तिसऱ्या फेरीनंतर काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस, दादूकडून कळलं.

आलोच मी विषयावर. सॉरी.

पत्त्यांचं सांगतो. तू गेल्यापासून मला घरात नीट वावरता येत नाही. पत्त्यांचा क्रम लक्षात ठेवायला घरातल्या एकेका जागी मनातलं एकेक चित्र ठेवायचं: बावन्न पत्ते, तीन-तीनांचं एक चित्र, सतरा चित्रं आणि एक सुटा पत्ता, म्हणजे अठरा जागा, हे तू जाण्याआधी मला घरभर फिरवून दाखवलंस. चपलांचं कपाट, आरसा, वॉशिंग मशीन, शेवटी गच्चीचा जिना. पहिल्या पत्त्याचा माणूस, दुसऱ्याची कृती, तिसऱ्याची वस्तू. बदामचा राजा मी, किलवरचा गुलाम दादू. आता कपडे धुवायला टाकताना मला तिथे मीच दिसतो, मशीनवर उभा राहून छत्रीला तेल चोपडणारा. त्या दिवशी इस्पिकची राणी आरशापाशी आली होती, तर आई अजून विचारते, मी तिथे नक्की काय करत होते. माईच्या खोलीत तू एकही जागा धरली नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. विचारलं नाही. आताही विचारत नाही.

पत्त्यांची मला काळजी नाही. पाच मिनिटं बघायला, पाच मिनिटं दुसरा जोड त्याच क्रमाने लावायला. ते तुझ्या हातात बसलंय. मला धास्ती आहे ती ऐकलेल्या अंकांच्या फेरीची. सेकंदाला एक अंक, मागे जाऊन पुन्हा ऐकायची सोय नाही, आणि पहिली चूक होते तिथेच मोजणी थांबते. ऐंशी अंक डोक्यात असले आणि बारावा हुकला, तर पदरात अकराच. एक डुलकी पुरते त्याला. एक सेकंदाची.

राजवीर मीणाने २०१५ मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून π (पाय) या संख्येचे ७०,००० अंक म्हटले, त्याला नऊ तासांहून जास्त लागले, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. मला तेव्हाही त्याची आईच आठवली. पोराने आदल्या रात्री काय केलं असेल!

एक गोष्ट वाचली ती सांगतो, मग थांबतो. अमेरिकेत चेस आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यार्थ्याला दीडेक वर्षाहून जास्त काळ अंक ऐकवले. सुरुवातीला तो सातच लक्षात ठेवायचा, शेवटी ७९ पर्यंत गेला. तो धावपटू होता, अंकांचे गट पाडून त्यांना शर्यतींच्या वेळा समजायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहावर. म्हणजे वाढते ती युक्ती. डोकं आपल्या सगळ्यांसारखंच राहतं. तू म्हणतेस, 'माझ्या मेंदूला सवय झालीय, चार तास पुरतात.' त्याला कसली सवय झाली आहे? पत्त्यांची. शिकलेलं झोपेत मुरतं, हे तर तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, पान दुमडून ठेवलंयस. आण्णांना औटकीपर्यंतचे, म्हणजे साडेतीनपटीपर्यंतचे, पाढे येत होते, सात औटकी म्हटलं की साडेचोवीस तयार, आणि चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. तुझा चार्जर इथेच राहिलाय, त्यावरून म्हणतो.

पुन्हा भाषण झालं. वाईट वाटून घेऊ नकोस, खोडायला गेलो तर पत्रात काही उरणार नाही.

नंबर आला काय, नाही आला काय, मी ऑफिसातल्या सगळ्यांना आधीच सांगून बसलोय, त्यामुळे माझं काम झालं. चार्जर दादूबरोबर पाठवतोय, त्याच पिशवीत कानात घालायचे बोळे आहेत, हॉटेलात आवाज येतो म्हणून. वापर किंवा नको वापरूस.

पोचलीस की आईला मेसेज कर. मला नको, मी परत किती वाजता झोपलीस ते विचारीन.

तुझा,
बाबा