वजनाबद्दल लिहा, पण पूर्ण लिहा

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीतला, जास्त वजनामुळे ब्रेस्ट कॅन्सरमध्ये धोका वाढतो असं सांगणारा लेख वाचला. माहिती चुकीची नाहीये, पण सध्या केमो चालू असलेल्या बाईने तो वाचला तर तिला वाटणार की हे सगळं माझ्याच खाण्यामुळे झालं. माझ्या बहिणीची ट्रीटमेंट जवळून पाहिलीये म्हणून लिहितेय.

वजनाचा या कॅन्सरशी संबंध आहे, हे खरंच. पाळी गेल्यावर ओव्हरीतून इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जवळपास बंद होतं पण चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुसऱ्या हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन बनवतच राहतं आणि हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसली जाणारी गाठ त्याच्यावरच वाढते. लेट्रोझोलसारख्या गोळ्या हेच एन्झाइम अडवतात. 2014 मध्ये 80हून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या 2 लाखांवर बायका होत्या, तेव्हा लठ्ठ बायकांमध्ये मृत्यूचा धोका नॉर्मल वजनाच्या बायकांपेक्षा 41 टक्क्यांनी जास्त दिसला. पण हा धोका कुठल्याही कारणाने मृत्यू येण्याचा आहे, आणि 41 टक्के जास्त म्हणजे 100 मधल्या 41 जणी दगावल्या असं अजिबात नाही! एवढं एक वाक्य टाकलं असतं तरी कितीतरी जणींची झोप उडाली नसती. त्याच अभ्यासात खूप बारीक बायकांनाही धोका जास्तच निघाला, ते तर कुणी लिहीतच नाही.

आणि सगळा दोष चरबीचाच असतो असंही नाही. केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, पण जाड पेशंटला झेपणार नाही या भीतीने तो कमी करायची पद्धत बरीच वर्षं होती, म्हणजे औषधच कमी पडायचं. 2012 साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं की डोस खऱ्या वजनावरच काढा, विशेषतः पेशंट बरा करायचा असेल तेव्हा. हे पेशंटला माहीत हवं ना?

त्यात ट्रीटमेंटमध्येच बऱ्याच जणींचं वजन वाढतं, स्टिरॉइड असतात, पाळी अचानक जाते, थकव्याने हालचाल होत नाही. मग घाबरून जेवण तोडलं की स्नायू झडतात आणि अंगातली ताकदच जाते.

म्हणून विनंती, पुढच्या लेखात डॉक्टरांना काय विचारायचं ते छापा. डोस माझ्या पूर्ण वजनावर काढलाय का, केमोत किती खायचं, व्यायाम कधीपासून चालेल, डाएटिशियनला कधी भेटू.

एक वाचक