गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मदतीला धावून आलेल्यांचे मनःपूर्वक आभार

दुर्बिणीद्वारे होणारी गुडघ्याची शस्त्रक्रिया लहान समजली जाते आणि रुग्णाला बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. मात्र खरी कसोटी घरी आल्यावरच लागते. सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही आणि वापराविना तो झपाट्याने रोडावतो. म्हणूनच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो पाच-पाच सेकंद आवळून धरण्याचा व्यायाम ज्यांनी शेजारी बसून, सेकंद मोजत, माझ्याकडून नेमाने करवून घेतला, त्या फिजिओथेरपिस्टांचे ऋण सर्वांत मोठे आहे. रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी घोटे वरखाली हलवण्याची आठवण करून देणाऱ्या परिचारिका, बर्फ नेहमी कापडात गुंडाळूनच देणारे शेजारी आणि औषधे वेळेवर पोहोचवणारी तरुण मंडळी यांचाही मी अत्यंत ऋणी आहे. जिना चढताना आधी धडधाकट पाय आणि उतरताना आधी शस्त्रक्रिया झालेला पाय, हा नियम प्रत्येक पायरीवर मोठ्याने सांगत जे माझ्या एक पायरी खाली उभे राहिले (मदतनीसाची योग्य जागा तीच), त्यांच्यामुळे माझी पडण्याची भीती गेली. नावांचा उल्लेख नको, ही आपणा सर्वांची इच्छा मी पाळली आहे. हे आभार मात्र आपण स्वीकारावेत, ही नम्र विनंती.