धुऱ्यावर अडलेले रस्ते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावाला लागून मागच्या काही वर्षांत तीन लेआउट पडले. एक तर आमच्याच धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला. कपाशीच्या वावरात चुन्याच्या रेघा आल्या, दगड रोवले गेले, बघता बघता प्लॉट विकले. आता तिथे घरं आहेत. पण पहिल्या लेआउटचा रस्ता जुन्या धुऱ्यापाशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या लेआउटचा रस्ता दहा-बारा हात बाजूला सुरू होतो. मध्ये काटेरी तार. सणाचं ताट मागच्या घरी पोचवायचं तर डांबरी रोडने वळसा. पणजोबांच्या काळी भावाभावांत पडलेली वाटणी आता सिमेंटात पक्की झाली आहे.

घर पाडून नवं बांधता येतं. रस्त्याची रेघ हलवायला निघालात तर दोन्ही अंगांनी प्लॉटवाले उभे राहतात. आमचं वर्धा बघा. १८६६ मध्ये जिल्ह्याचं ठाणं कवठ्याहून हलवून पालकवाडीच्या जागी शहर वसवलं, तेव्हा रुंद, सरळ रस्ते आधी आखले. त्यावर आजही गाव चालतं.

तिकडे बार्सिलोनात सेर्दा नावाच्या अभियंत्याने १८५९ च्या आराखड्यात रस्त्यांच्या मधले सुमारे ११३ मीटर बाजूचे चौकोन आखले. दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग. बांधणाऱ्यांनी पुढे चारही बाजू भरल्या आणि बागाही गिळल्या. वीस मीटरचे रस्ते मात्र राहिले. (बगिच्याचं नशीब सगळीकडे सारखंच दिसतं. आमच्या लेआउटमधल्या ‘मोकळ्या जागे’त सध्या गिट्टी, रेती आणि एक नादुरुस्त ट्रॅक्टर आहे.)

१९६६ च्या नगररचना कायद्याने शहराला विकास आराखडा मिळतो. खेड्याच्या वाट्याला येते प्रादेशिक योजना, आणि तिच्यात गल्लीबोळ कुठून दिसणार? पण गावनकाशावर पांदण रस्ते, म्हणजे शेतात जायच्या जुन्या वाटा आहेत, ही आयती आखणी आहे. अतिक्रमण काढून या पांदणी आधी मोजाव्यात आणि नव्या लेआउटचे रस्ते पांदणीला व शेजारच्या लेआउटला जोडल्याशिवाय लेआउटला मंजुरी देऊ नये, एवढीच मागणी आहे. यात एखाद-दुसरा प्लॉट कमी होईल. माझं वावर गेलं तर माझाही होईल.

गावाच्या पश्चिमेचा पट्टा अजून रिकामा आहे. यंदा तिथे सोयाबीन आहे. ते निघालं की मोजणी होणार, असं पारावर ऐकतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा